व्होल्टेज पडलं की बिल वाढतं? गीझरला विचारून बघा

संध्याकाळी सातला पंखा रेंगाळायला लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक जुना मेसेज पुन्हा फिरायला लागतो. त्याचा मतितार्थ असा: पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. व्होल्टेज पडलं की तेवढीच पॉवर भरून काढायला करंट वाढतो, करंट वाढला की मीटर पळतो, म्हणजे कमी दाबाची वीज देऊन आपल्याकडूनच जास्त पैसे काढले जातात. शेवटी उपाय: सॉकेटमध्ये ‘पॉवर सेव्हर’ची डबी लावा. शाळेतलं सूत्र पुढे केल्यामुळे शिकलेली माणसंही मान डोलावतात. सूत्राला माझी हरकत नाही, हरकत आहे ‘तेवढीच पॉवर’ या दोन शब्दांना.

‘व्होल्टेज पडलं की करंट वाढतो.’ कशाचा? गीझरचा तर नाही. 2000 वॉटचा गीझर 230 व्होल्टवर 8.7 अँपिअर घेतो. ओहमच्या नियमाने 230 ला 8.7 ने भागा, कॉइलचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, साधारण 26.5 ओहम निघतो. हा आकडा कॉइलच्या तारेचा आहे. तिची लांबी, जाडी आणि धातू ठरले की तो ठरला. बाहेर व्होल्टेज किती आहे हे तिला ठाऊकच नसतं. आता 180 व्होल्ट आले तर करंट 180 भागिले 26.5, म्हणजे 6.8 अँपिअर. वाढला नाही, उतरला. पॉवर 180 गुणिले 6.8, म्हणजे सव्वाबाराशे वॉटच्या आसपास. व्होल्टेज 22 टक्के पडलं आणि पॉवर 39 टक्के, कारण व्होल्टेजसोबत करंटही पडला आणि दोघांचा गुणाकार झाला.

बिलाचं काय? 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला सुमारे 0.61 युनिट लागतं. 2000 वॉटवर ते 18 मिनिटांत होतं, सव्वाबाराशेवर अर्ध्या तासात. युनिट तेवढंच. टाकीतून निसटणारी थोडी उष्णता वाढेल, पण खरं नुकसान होतं ते बाथरूमच्या दारात टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं.

हे लिहिल्यावर एकदा मला उत्तर आलं होतं: ‘ओहमचा नियम पुस्तकात. 100 वॉटच्या जुन्या बल्बला मल्टिमीटर लावा, 40 ओहम दाखवतो. तुमच्या हिशोबाने तो 1300 वॉटचा झाला!’ प्रश्न झकास आहे. मल्टिमीटरने मोजताना बल्ब थंड असतो. पेटल्यावर टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या वर जाते आणि तिचा रेझिस्टन्स तेरापटीच्या आसपास चढतो. 100 वॉटच्या बल्बचा चालू असतानाचा रेझिस्टन्स 529 ओहम. ते 1300 वॉट खरेच असतात, फक्त बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणापुरते, आणि म्हणूनच जुने बल्ब बहुतेक बटण दाबतानाच उडायचे. गीझर-इस्त्रीच्या कॉइलमधल्या नायक्रोम या मिश्रधातूचा रेझिस्टन्स तापल्यावर जेमतेम काही टक्के बदलतो, त्यामुळे तिथे थंड कॉइल मोजूनही हिशोब जमतो.

मग करंट वाढतो तो कुठे? मोटारीत. विहिरीतून पाणी वर ढकलायचं काम तेवढंच राहतं, म्हणून व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट खेचते. 5 एचपीची थ्री फेज मोटार 415 व्होल्टवर 7.2 अँपिअरच्या आसपास चालत असेल, तर 340 वर ती 9 पर्यंत जाऊ शकते. मेसेजवाल्यांनी टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा, लावून हेच पाहिलं असणार. पण वॉट जवळपास तेवढेच राहतात, कारण एक आकडा वाढला तसा दुसरा घटला. वाढते ती वाइंडिंगमधली, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या वेटोळ्यांमधली उष्णता. ती करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वापट करंटला दीडपटीहून जास्त. कमी दाबाचा खरा खर्च रिवाइंडिंगवाल्याच्या दुकानात भरावा लागतो. शिवाय राज्यातल्या कितीतरी कृषिपंपांना मीटरच नाही, आकारणी एचपीवर होते. आणि 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतं. तिथे पळायला मीटर आहे कुठे?

‘करंट वाढला की मीटर पळतो.’ नाही. घरगुती मीटर युनिट मोजतो, म्हणजे किलोवॉट-तास, आणि त्यात व्होल्टेज, करंट, पॉवर फॅक्टर (व्होल्टेज-करंटच्या गुणाकाराचा किती भाग खरी पॉवर होतो तो आकडा) आणि वेळ हे सगळं धरलेलं असतं. पॉवर सेव्हरची हातचलाखी नेमकी इथेच आहे. डबीत असतो एक कपॅसिटर. 1 अँपिअर घेणारा, 0.65 पॉवर फॅक्टरचा फ्रिज 150 वॉट खातो. कपॅसिटर लावला की मेन वायरवरचा करंट 0.7 च्या आसपास उतरतो, विक्रेता टाँग टेस्टर दाखवतो, आपण टाळ्या वाजवतो. फ्रिज मात्र अजूनही 150 वॉटच खातो. मोठ्या कारखान्यांना केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर न धरता नुसत्या व्होल्टेज गुणिले करंटच्या हिशोबाने बिल येतं, त्यांना कपॅसिटरचा फायदा आहे. घराला नाही.

मेसेजमध्ये खऱ्याचा एक कण आहे, तोही सांगतो. मीटरच्या अलीकडे, डीपीपासून (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपासून) घरापर्यंतच्या तारेत जे व्होल्टेज गळतं त्याची वीज तुमच्या बिलात येत नाही. मीटरच्या पलीकडे, तुमच्याच वायरमध्ये गळतं ते येतं. विहीर 100 मीटरवर, वायर दीड स्क्वेअर एमएम तांब्याची आणि सिंगल फेज मोटार 8 अँपिअरची असेल, तर जाऊन-येऊन 200 मीटर वायरचा रेझिस्टन्स 2.4 ओहम होतो. 19 व्होल्ट वाटेतच जातात आणि दीडशे वॉट नुसती वायर तापवण्यात. तीच वायर अडीच एमएमची घेतली तर 95 वॉट.

पटत नसेल तर मीटरवरचा लाल दिवा मोजा. माझ्या मीटरवर 3200 इंपल्सला, म्हणजे दिव्याच्या 3200 लुकलुकींना, एक युनिट असं छापलंय; तुमच्यावर आकडा वेगळा असू शकतो. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त 2000 वॉटचा गीझर लावा. 230 व्होल्टला दिवा मिनिटाला 107 वेळा लुकलुकतो. संध्याकाळी 180 व्होल्ट असताना पुन्हा मोजा. 65 भरतात.