एकच खेळ मिळाला, तर कोणाचा?

मराठी चित्रपटाला प्राइम टाइम मिळत नाही, हा वाद महाराष्ट्रात अधूनमधून पेटतो. एप्रिल 2015 मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सांकडे संध्याकाळी सहा ते नऊची वेळ मागितली. आरडाओरडा झाल्यावर तीच दुपारी बारा ते रात्री नऊ झाली. मागणी रास्तच आहे. सकाळी साडेनऊचा खेळ नोकरदार बघणार कधी? इथे जर्मनीत मात्र प्राइम टाइम सोडाच, मराठी मंडळाने थिएटर भाड्याने घेऊन रविवारी लावला तर एक खेळ. मग तो कोणाचा, हे नीट ठरवायला हवं. मंडळं बहुधा नट बघतात. दिग्दर्शक बघावा.

चैतन्य ताम्हाणे घ्या. वरचा गोंधळ चालू असतानाच त्यांचा ‘कोर्ट’ महाराष्ट्रात लागला होता. कॅमेरा लांब, स्थिर. संवाद संपला तरी दृश्य तोडायची घाई नाही. बिनबाह्यांचा टॉप घातलाय म्हणून न्यायाधीश एका बाईची सुनावणीच पुढे ढकलतात. क्लोजअप नाही, पार्श्वसंगीत नाही, कामकाज पुढच्या खटल्याकडे. हसायचं की चिडायचं, ते आपण बघायचं. सरकारी वकीलबाई कोर्टात इंग्रजी कलमं एका सुरात वाचतात आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. त्यांना खलनायिका करायचा मोह ताम्हाणेंनी टाळलाय. हे सगळं फोनवर बघू नये, चौकटीच्या कडेला चाललेलं निसटतं.

त्यांच्या ‘द डिसायपल’मध्ये रात्रीच्या मुंबईत मोटरसायकलवर नायकाच्या कानात वाजणारा माई या संगीतगुरूंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. सुनील सुकथनकरांबरोबर त्यांनी केलेला ‘अस्तु’ इथल्या मंडळांनी आधी लावावा, असं माझं मत. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित हत्तीमागे निघून जातात, मुलगी शोधत फिरते. आईवडील पुण्यात आणि आपण इकडे, अशांना तो फार जवळून लागेल.

आता व्यवहार. थिएटरसाठीची चित्रपटाची डिजिटल प्रत (डीसीपी) आली म्हणजे काम झालं असं नाही. ती उघडणारी केडीएम ही किल्ली ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरतीच बनते. थिएटरने ऐनवेळी पडदा बदलला किंवा भारतीय वेळेच्या हिशेबात चूक झाली, की चित्रपट चालत नाही. म्हणून आदल्या दिवशी त्याच पडद्यावर दहा मिनिटं चालवून बघा, सबटायटल्ससकट. ती वेगळ्या पॅकेजमध्ये असतील तर मूळ पॅकेजही सर्व्हरवर चढलेलं लागतं. आणि एफएसके या जर्मन संस्थेचं वयोगट-प्रमाणपत्र नसलेला चित्रपट इथे सार्वजनिक खेळात फक्त अठरा वर्षांवरच्यांना दाखवता येतो, आईबाप सोबत असले तरी. हे तिकिटं विकण्याआधी सांगा, नाहीतर दारात पोरांसकट अर्धं मंडळ भांडत उभं राहील.