कोपराखालची फुले

कासच्या पठारावर सप्टेंबरमध्ये जांभ्या खडकावरच्या जेमतेम मातीत सीतेची आसवे, गेंद आणि तेरडा फुलतात, आणि दर वर्षी तेच दृश्य पाहून माझे डोके फिरते: महागडी मॅक्रो लेन्स लावलेले महाशय दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी वनस्पतीच्या एका छायाचित्रासाठी खुशाल आडवे होतात, कोपराखाली आसवांचा ताटवा चिरडतात, आड येणारे गवत उपटतात आणि वर फवाऱ्याने पाणी मारतात, जणू सह्याद्रीच्या पावसात काही कमी राहिले होते. अहो, चिकट थेंबांवर कीटक पकडणारी ती वनस्पती मुळातच चमकते. तिला तुमच्या बाटलीतले पाणी कशाला हवे? सेल्फीवाल्या हौशा-गवशांना नावे ठेवण्यात मात्र हेच पुढे, आणि हटकले की स्वतःचे निसर्गप्रेम आम्हालाच ऐकवतात.