आकडे दिसतील असा सायकल कॉम्प्युटर द्या ना!

स्क्रीन मोठी केली म्हणजे आकडे मोठे झाले, हे कोणी सांगितलं या कंपन्यांना? दुकानात सायकल कॉम्प्युटर, म्हणजे हँडलबारवर लावायचं वेग-अंतर दाखवणारं यंत्र, बघायला गेलं की दरवेळी तेच, कलर, टच, मॅप, आणि साडेतीन इंचात दहा-दहा रकाने कोंबलेले, त्यावरची लेबलं तर मुंगीएवढी. अहो चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होतं, जवळचं दिसत नाही, सगळ्यांचंच होतं हे! सकाळी खडकवासल्याच्या रस्त्यावर बघा, पन्नाशीचे किती जण सायकल मारत असतात.

त्यावर सल्ला काय, तर बायफोकल घ्या. त्याचा खालचा नंबर पुस्तक धरतो तेवढ्या अंतराचा, साधारण ४० सेंमी, आणि हँडलबार असतो दोन फुटांवर, म्हणजे तिथेही अंधुकच. वाचायचा चष्मा लावला तर समोरचा खड्डा दिसत नाही, आणि पुण्यात खड्डा न दिसणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

वाहू कंपनीच्या एलेमेंट कॉम्प्युटरला निदान बाजूच्या बटणांनी रकाने कमी करून आकडे मोठे करता येतात, गार्मिन कंपनीच्या एजमध्येही पानावर दोन-तीनच रकाने ठेवता येतात, पण हे सेल्समन स्वतःहून कधी दाखवेल तर शपथ! बाहेर उन्हात नेऊन बघू द्या म्हटलं तरी तोंड वाकडं.

सिंहगडाच्या चढाला डोळ्यात घाम उतरलेला असतो हो, तेव्हा मला वेग, अंतर आणि चढ किती टक्के एवढंच हवंय, काळ्यावर पांढरं नाहीतर पांढऱ्यावर काळं, ठसठशीत. बाकीचं घरी येऊन मोबाईलवर बघीन की.