सडा पडीक नाही

डिसेंबरात इथे साडेचारलाच अंधारून येतं. गेल्या रविवारी दुपारी भर पावसात गोल्डस्ट्रीमच्या ओढ्याकाठी उभा होतो. अंडी घालून मेलेल्या चम सामन माशांचा नुसता खच पडला होता. त्यावर सीगलांची झुंबड, आणि वर सीडरच्या फांदीवर पांढऱ्या डोक्याचे गरुड. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हिक्टोरियात येऊन मला अकरा वर्षं झाली, पण हिवाळ्यातली ही फेरी मी चुकवत नाही. अस्वलं आणि गरुड हे मासे ओढून रानात नेतात, उरलंसुरलं तिथेच कुजतं आणि समुद्रातला नायट्रोजन झाडांच्या खोडात जाऊन बसतो. इथल्या विद्यापीठातल्या टॉम राइमकेन यांनी झाडांच्या वाढीच्या वलयांत त्याच्या खुणा शोधल्या. या ओल्या रानाला हे खत हवंच असतं.

गाडीत येऊन फोन पाहिला तर कोकणातल्या आमच्या वाडीच्या ग्रुपवर वाद पेटलेला. पुढच्या पावसात वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरीपुष्प लावायचं चाललंय. भराभर वाढतं, बाभळीला गुरं तोंड लावत नाहीत, माती सुधारते. सडा नाहीतरी पडीकच आहे, असं त्यांचं म्हणणं. पुतण्याने विरोध केला तर चौघे त्याच्यावर तुटून पडले, ‘झाड ते झाड, त्यात देशी-परदेशी काय?’ एका काकांनी मला विचारलं, ‘तू तिकडे एवढ्या हिरवाईत राहतोस, मग आम्हीच का उघड्या कातळावर राहायचं?’

काका, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

परदेशी म्हणून कुठल्याच झाडावर माझा राग नाही. काजू ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी आणलेला, आणि आज त्यावर आपली घरं चालतात. किनाऱ्यावरचा सुरूही बाहेरचाच, तरी त्यावर समुद्रगरुड घरटं बांधतो. गिरीपुष्पाचा पाला भातखाचरात घालतात तेही चांगलंच आहे, ते झाड बांधावर असू दे. माझं भांडण ‘माती सुधारते’ या एका वाक्याशी आहे.

इथे व्हिक्टोरियाभोवती गॅरी ओकची माळरानं आहेत. उथळ माती, मध्ये मध्ये खडक, वाकडीतिकडी ओकची झाडं आणि वसंतात कॅमासची निळी फुलं. कॅमासचे कंद इथल्या मूळच्या लेक्वंगन लोकांचं अन्न होतं. ते ठरावीक काळाने वणवा देऊन ही रानं मोकळी ठेवत. १८५० च्या सुमारास ग्रँट नावाच्या एका स्कॉटिश वसाहतवाल्याने जवळच सूक इथे स्कॉच ब्रूमचं बी पेरलं. त्यातली तीनच रोपं जगली असं सांगतात. आज ते पिवळ्या फुलांचं झुडूप आमच्या साऱ्या व्हँकुव्हर बेटावर पसरलंय. ब्रूम शेंगांच्या कुळातलं आहे, मुळांवरच्या गाठींत नायट्रोजन साठवतं. म्हणजे तेही माती ‘सुधारतं’च. आणि तिथेच घात होतो. कमी खताच्या मातीत तग धरणारी कॅमाससारखी झाडं मागे पडतात, बाहेरचं गवत माजतं. ही माळरानं आता मूळच्या पाच टक्केही उरलेली नाहीत. हिवाळ्यात माती ओली असते, रोप मुळासकट निघतं, म्हणून आम्ही काही शेजारी शनिवारी ब्रूम उपटायला जातो. गेली सहा वर्षं तोच तुकडा साफ करतोय. जमिनीतलं बी अनेक वर्षं जिवंत राहतं, दर वर्षी नवी रोपं येतात.

बाभूळ आणि गिरीपुष्पही शेंगांच्याच कुळातली. आता आपला सडा आठवा. पावसाळ्यात तिथे दवबिंदू आणि सीतेची आसवं फुलतात. या दोन्ही वनस्पती कीटक पकडून खातात, कारण कातळावरच्या त्या बोटभर मातीत नायट्रोजन जवळजवळ नसतोच. त्या तुटवड्यावरच त्यांचं जगणं बेतलेलं आहे. तिथे सावली आणि खत दिलंत की ती संपली. चार महिने फुलणाऱ्या आणि आठ महिने सुकलेल्या जागेला पडीक म्हणायची आपली सवयच वाईट आहे.

राज्यात २०१६ ला दोन कोटींपासून सुरू झालेली वृक्षलागवड २०१९ मध्ये तेहतीस कोटींवर गेली, आणि तेव्हापासून आपण किती रोपं एवढंच विचारतो. कुठलं आणि कुठे, हे कोणी विचारत नाही.

लावायचंच असेल तर खाली ओढ्याच्या, आपल्या पऱ्ह्याच्या काठाने लावा. काजरा, उंबर, बेहडा. काजऱ्याची फळं धनेश खातो आणि जुन्या बेहड्याच्या ढोलीत तो घरटं करतो. मला फेब्रुवारीत वीस दिवसांची रजा मिळाली आहे. खड्डे खणायला मी येतो, रोपांचे पैसेही देतो. फक्त तोवर सड्यावर कुदळ मारू नका.