गोळी घेतो म्हणूनच गाडी चालवतो

मोठ्या माणसालाही एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा आजार, असतो, हे आपल्या सोलापुरात अजून कुणाच्या पचनी पडत नाही. पोरांचा आजार, तोही पुण्या-मुंबईच्या! त्यावर गोळी चालू आहे म्हटलं की आमचे मामा तोंडावरच विचारतात, "डोक्याच्या गोळ्या खाऊन स्टिअरिंगवर बसतोस व्हय रे?"

बसतो. उलट गोळी घेतली नसेल तर हायवेला बसत नाही.

माझी गोळी मिथाइलफेनिडेटची. हे गुंगीचं औषध नाही, लक्ष टिकवणारं आहे. अमेरिकेत २३ लाखांवर एडीएचडी रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, २०१७ साली ते छापून आलं. एकाच माणसाचे औषध चालू असलेले महिने आणि बंद असलेले महिने शेजारी ठेवून पाहिले. चालू महिन्यांत वाहन अपघातामुळे इमर्जन्सीत जाण्याची शक्यता पुरुषांत ३८ टक्के, बायकांत ४२ टक्के कमी. सगळं श्रेय गोळीलाच देता येणार नाही, मान्य. औषध नियमित घेणारा माणूस त्या काळात एकूणच सावरलेला असू शकतो. पण मामांच्या भीतीला त्यात काडीचा आधार सापडत नाही.

गंमत म्हणजे शहरात, सात रस्ता चौकातल्या गर्दीत मला त्रास होत नाही. रिक्षा कुठून घुसेल याचा नेम नाही, त्यामुळं डोकं जागं राहतं. परीक्षा सुरू होते पुण्याच्या हायवेवर सावळेश्वरचा टोल नाका सोडल्यावर. सरळसोट चौपदरी रस्ता, काही घडत नाही, आणि मन कधीच रस्ता सोडून गेलेलं असतं. डोळे उघडे, समोरचं दिसतंय, पण आत पोचत नाही. त्यात कारखान्यांचा हंगाम. उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या, रिफ्लेक्टरचा पत्ता नाही, ट्रॅक्टरवर गाणी फुल्ल. ऊस बाहेर लोंबलेला असतो, त्यामुळं ट्रॉलीची कड नेमकी कुठं संपते तेही अंधारात कळत नाही.

म्हणून विचारायचंच असेल तर "गोळी उतरते कधी?" हे विचारा. सकाळची लांब असर असलेली गोळी, प्रकारानुसार, साधारण ८ ते १२ तास चालते. म्हणजे पुण्याहून रात्री परत येताना, नेमक्या ट्रॉल्यांच्या वेळेला, अंगात औषध उरलेलंच नसतं. त्यावर आपल्या मनानं संध्याकाळी आणखी एक टाकू नका, झोपेचं खोबरं होतं. गाडी कधी चालवता ते डॉक्टरांना सांगा, वेळ तेच बसवून देतील. ॲटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचं दुसरं औषध चालू असेल तर सुरुवातीला काहींना चक्कर किंवा झोप येते. ती अंगवळणी पडेपर्यंत गाडी दुसऱ्याच्या हातात द्या.

राहता राहिला गोळी मिळण्याचा प्रश्न. मिथाइलफेनिडेट साध्या दुकानात, साध्या चिठ्ठीवर मिळत नाही, आणि मिळतं तिथलाही स्टॉक मधूनच संपतो. तेव्हा मी मुकाट्यानं हुतात्मा एक्सप्रेस पकडतो. मामा मात्र खूश: "बंद झाल्या ना गोळ्या? आता चालव की बिनधास्त!"