एका दात्याचा फरक

काल माझ्या तीन रात्रींच्या हिशेबात स्कूटरची क्लच केबल बांधून दिली गेली. हिशेब एका फुलस्केप कागदावर होता, कागद काउंटरवर होता, काउंटर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर होता. मी ‘अहो, तो माझा...’ म्हणेपर्यंत वर रबर बँडही चढला. केबल शेजारी उभ्या असलेल्या काकांची होती.

कागदावर काय होतं ते आधी सांगतो, कारण आता ते दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या पिकअपच्या मागच्या एक्सलमध्ये दात्यांची कोणती जोडी बसवावी, याचा तो हिशेब.

जुनी डिझेल पिकअप, चार गिअरचा बॉक्स, मागे 215/75 आर 15 चे टायर. वाशीहून दादरला माल आणि महिन्यातून दोनदा कसारा घाट चढून नाशिक. डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या डब्यात, क्राऊन-पिनियन ‘आठ-एकेचाळीस’, म्हणजे पिनियन या छोट्या गिअरला 8 दाते आणि क्राऊन या मोठ्याला 41. एक्केचाळीसला आठाने भागलं की 5.125, हा रेशो. चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागे येणारा दांडा, पाचाहून जरा जास्त वेळा फिरणार. आकडा मोठा तर जोर जास्त आणि धाव कमी. आकडा लहान तर उलट. यात लोक नेमके उलटे पडतात. ‘हाय रेशो द्या’ म्हणून मागणाऱ्याला काय हवंय, हे देणाऱ्यालाही कळत नाही आणि मागणाऱ्यालाही. म्हणून दाते सांगावेत, विशेषणं सांगू नयेत.

या टायरचा घेर साधारण 2.2 मीटर. ताशी 60 किलोमीटर म्हणजे मिनिटाला 1000 मीटर, म्हणजे चाकाचे 455 फेरे. जुन्या बॉक्सचा टॉप गिअर सरळ एकास एक असतो, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात, त्यामुळे इंजिन 8/41 वर 2330 आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) फिरतं, 9/41 वर 2070 ला आणि 11/41 वर 1695 ला. ऐंशीला हेच आकडे 3105, 2760 आणि 2260. जुनं डिझेल इंजिन दोन हजारांच्या आसपास सुखात असतं. तीन हजारांना शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं.

मग 11/41 का नको? मोह तिथेच होतो. पण 11 दाते म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर आठाच्या मानाने 27 टक्क्यांनी कमी. घाटात सव्वा टन माल घेऊन थर्ड ओढत नाही, सेकंड कंटाळवाणा, आणि चढावर गाडी उठवताना क्लच प्लेटचा वास पार टपावरच्या ताडपत्रीपर्यंत. डिझेल वाचेल म्हणावं तर शहरात टॉप गिअर लागतोच कुठे? उगीच कमी आरपीएमला टॉपमध्ये रेटलं तर इंजिन घरघरतं, काळा धूर सोडतं आणि वाचलेलं डिझेल बेअरिंगच्या खर्चात जातं. नऊवर जोर 11 टक्के कमी होतो, तेवढा सोसवतो. उत्तर नऊ-एकेचाळीस. कागदावर त्याला दोन रेघा मारलेल्या होत्या.

आता काउंटर.

‘काय शोधताय?’ काकांनी विचारलं. हातात तुटकी केबल, खिशात चष्म्याचं घर, वेळ भरपूर.

‘नऊ-एकेचाळीस.’

‘इथून बस नाही ती.’

एवढ्यात दुकानदाराने तेलकट खोकं आणून आपटलं. ‘शेठ, एकेचाळीस. मोजून घ्या.’ मोजायचं म्हटल्यावर काका पुढे सरसावले. त्यांनी क्राऊन स्वतःकडे ओढला आणि बोट ठेवत मोठ्याने सुरुवात केली. पहिल्या फेरीत चाळीस आले. दुसऱ्या फेरीत बेचाळीस, कारण गोल वस्तूला सुरुवात नसते. मी म्हटलं, काका, पहिल्या दात्याला खडूची खूण करा. केली. सव्विसाव्या दात्याला चहावाल्या पोऱ्याने ‘किती कटिंग?’ विचारलं, काका ‘तीन’ म्हणाले आणि पुढे ‘चार, पाच’ मोजू लागले. चौथ्या फेरीला एकेचाळीस भरले तेव्हा दोन मेकॅनिक, एक रिक्षावाला आणि पोऱ्या असे सगळे एकदम हुश्श झाले. कुणीतरी टाळी वाजवली.

मग मी पिनियन मोजला. आठ.

‘हे आठ आहेत. मला नऊ हवेत.’

दुकानदार म्हणाला, ‘एकच तर कमी आहे.’

‘एका दातासाठी एवढं?’ काका म्हणाले, आणि पुरावा म्हणून त्यांनी वरची कवळी काढून दाखवली. ‘मादे तर थगळे गेले. मटन खातो!’

क्राऊन दोन्ही जोड्यांत एकेचाळीसचाच, म्हणून फसगत इथेच होते. क्राऊनच्या एकेचाळिसात एक दाता इकडेतिकडे झाला तर अडीच टक्क्यांचा फरक. पिनियनच्या आठात एक वाढला की साडेबारा टक्क्यांचा. मी हे सांगत होतो तोवर काकांनी कवळी बसवली आणि तोडगा काढला. ‘पिनियनला वाढवता येत नाही ना? मग मोठ्यातला एक कमी करा. चाळीस आणि आठ. पाचाचा सरळ भाग जातो. राउंड फिगर.’

खरं सांगतो, इतका मूलभूत प्रश्न मला आजवर एकाही मेकॅनिकने विचारला नव्हता. चाळीस-आठ केलं तर पिनियनचा एक दाता जन्मभर क्राऊनच्या त्याच पाच दात्यांना भेटत राहतो. त्याच्यावर एखादं खरखरीत टोक राहिलं तर ते त्याच पाचांना टोचत बसतं. एकेचाळीस आणि आठ या दोघांना भागणारा एकही आकडा (एक सोडून) नाही, म्हणून प्रत्येक दाता फिरत फिरत प्रत्येकाला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते.

काका विचारात पडले. ‘म्हणजे चाळ,’ ते म्हणाले. ‘आमच्या चाळीत प्रत्येकाचं प्रत्येकाशी भांडण झालेलं होतं. कुणा एकाशी कायमचं नाही. आता टॉवर झाला, मजल्यावर चारच दारं. समोरच्याशी सहा वर्षं बोलणं नाही.’ रिक्षावाल्याने मान हलवली. मी आलो होतो पिनियन घ्यायला.

दुसरं खोकं आलं. यात नऊ होते. मी उजेडात धरून आकडे पाहिले. क्राऊन-पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडी लावतात आणि दोघांवर एकच जोडी नंबर कोरतात. लग्न एकदाच लागतं. नंतर कुणाचं कुणाशीही जमत नाही, नुसतं गातात. क्राऊनवर होतं 27, पिनियनवर 72.

‘हे जुळत नाहीत.’

‘उलटं वाचा,’ काका म्हणाले.

दुकानदाराला ते फारच पटलं. याच क्षणी त्याने माझा कागद उचलला आणि त्यात केबल गुंडाळली.

इथे मला हसू येत नाही. भिंतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ लिहायचं, बिल मागितलं की ‘टॅक्स वेगळा पडेल’ म्हणायचं, आणि दोन मेलेल्या गाड्यांतून काढलेला अर्धा-अर्धा संसार एक जोडी म्हणून विकायचा. गिऱ्हाइकाला ते कळतं हजार किलोमीटरनंतर, एक्सल रडायला लागल्यावर. मग मेकॅनिक म्हणतो माल खराब, दुकानदार म्हणतो फिटिंग खराब, आणि हाउसिंग पुन्हा उघडायची मजुरी तिसराच भरतो.

फिटिंगही बऱ्याचदा खराब असतंच, हे कबूल. जुनी शिम (अंतर राखणारी पातळ चकती) उचलायची, नव्या पिनियनखाली टाकायची, नट आवळायचा, झालं. पिनियनची खोली पाहायची तर दात्यांना शेंदूर लावावा लागतो. तेलात कालवलेला शेंदूर, तोच मारुतीचा. चार-पाच दात्यांना लावायचा, क्राऊनला लाकडाच्या ठोकळ्याने अडवत पिनियन फिरवायचा आणि ठसा कुठे उमटतो ते बघायचं. दात्याच्या मुळाशी उमटला तर पिनियन जास्त आत. टोकाशी उमटला तर जास्त बाहेर. मधोमध आला तर नमस्कार करायचा. मग डायल गेज लावून बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, बहुतेक अशा एक्सलना 0.15 ते 0.20 मिलिमीटर, तोही क्राऊनवर तीन-चार ठिकाणी. कमी ठेवला तर दाते तापून जळतात, जास्त ठेवला तर प्रत्येक क्लचला मागून ‘ठक’. डायल गेज मागितल्यावर ‘हाताला समजतं’ म्हणणाऱ्याकडून गाडी परत घेऊन यावी. तेल जीएल-5 दर्जाचं 90 नंबरच; क्राऊन-पिनियनचे हे तिरके, हायपॉइड दाते एकमेकांवर घसरतात, साधं गिअर ऑइल तिथे टिकत नाही. पहिले 25-30 किलोमीटर रिकामी चालवायची आणि थंड होऊ द्यायची, पहिल्या 500 मध्ये घाट आणि पूर्ण माल नको, मग तेल बदलायचं.

काही एक्सलमध्ये आठाचा क्राऊन ज्या डिफरन्शियल केसवर (क्राऊन धरणाऱ्या भागावर) बसतो, तिच्यावर अकराचा बसतच नाही; मोठ्या पिनियनसाठी क्राऊन पातळ असतो, मग केसही वेगळी घ्यावी लागते. आणि स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते, तिला मागे काय बदललं याचा पत्ता नसतो. आठाचे नऊ केले की गाडी 60 ने जाते आणि काटा 53 दाखवतो. केबलचा छोटा प्लॅस्टिक गिअर बदलायचा असतो. चलान काट्याकडे बघून येत नाही.

एकाच नंबरची जोडी वरच्या माळ्यावर होती म्हणे. ‘मंगळवारी उतरवतो.’ मंगळवार कोणता ते विचारलं नाही.

बाहेर आलो तर काका पिकअपशेजारी उभे. ‘मुलुंडपर्यंत सोडाल?’ ते चढले. मांडीवर माझा कागद, कागदात केबल. चेंबूरहून हायवेला लागलो, विक्रोळीनंतर रस्ता मोकळा मिळाला, सत्तर-पंचाहत्तरला इंजिन नेहमीसारखं किंचाळायला लागलं. काकांनी थोडा वेळ सहन केलं. मग कानावर हात ठेवून ओरडले,

‘अहो, गिअर बदला की!’

‘टॉपमध्येच आहे!’

त्यांनी गिअरच्या दांड्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या कागदाकडे. रबर बँड काढला, केबल बाजूला ठेवली, आणि चष्मा लावून वाचायला लागले.