खुलासा: ‘६५ वॅटच्या पोर्टने फोनची बॅटरी जळते’ हा मेसेज चुकीचा आहे

पॉवर स्ट्रिपमधला ६५ वॅटचा यूएसबी-सी पोर्ट फोनमध्ये जबरदस्तीने वीज ढकलतो, त्यामुळे बॅटरी जळते, असा मेसेज सध्या फिरतोय. तसं होत नाही. तो आकडा पोर्टची कमाल क्षमता सांगतो; वीज किती घ्यायची ते फोनच ठरवतो. यूएसबी पॉवर डिलिव्हरीच्या मानकानुसार पोर्ट सुरुवातीला ५ व्होल्टच देतो, आपल्याकडचे पर्याय फोनला कळवतो आणि फोनने मागितलं तरच व्होल्टेज वाढवतो. स्ट्रिपवर बारीक अक्षरांत छापलेलं ‘आउटपुट’ वाचा: ५, ९, १५, २० व्होल्ट असे पर्याय तिथेच दिसतील.

हो, ६५ वॅट बहुतेकदा सगळ्या पोर्टचे मिळून असतात. लॅपटॉपशेजारी फोन लावला की वाटणी होते, चार्जिंग मंदावतं. हा बिघाड नाही.

खरा धोका वेगळाच आहे. त्याच स्ट्रिपवर हीटर किंवा इस्त्री लावली, किंवा एका स्ट्रिपला दुसरी जोडली, तर वायर तापून आग लागू शकते. मागे छापलेली अँपिअरची मर्यादा पाहूनच स्ट्रिप घ्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासाही टाका.